बेकेटची केस

पुणे, 9 नोव्हेंबर

प्रिय शिऱ्या,

स. न.

तुझा तो अशील डोक्यातून जात नाही. खात्यानं नोकरीवरून काढलं, वर फौजदारी खटला, मग एका गुन्ह्याला दोन शिक्षा का, म्हणून तो तुझ्याशीच भांडला ना? त्याला सांग, हाच वाद एका आर्चबिशपनं, म्हणजे चर्चच्या बड्या धर्मगुरूनं, इंग्लंडच्या राजाशी घातला होता.

दुसरा हेन्री आणि थॉमस बेकेट. बेकेट आधी राजाचा चॅन्सेलर, म्हणजे बडा मंत्री, आणि जिवलग. 1162 साली राजानंच त्याला कँटरबरीचा आर्चबिशप केलं, आणि माणूस फिरला, चर्चच्या बाजूनं. पुढच्याच वर्षी फिलिप द ब्रॉय नावाच्या पाद्र्याचं प्रकरण उकरलं गेलं. एका सरदाराच्या खुनाच्या आरोपातून तो बिशपच्या न्यायालयात सुटला होता. कसा? शपथ घेऊन! राजाच्या न्यायाधीशानं पुन्हा विचारलं, तर या पाद्र्यानं त्यालाच शिव्या घातल्या. बेकेटनं शिव्यांबद्दल शिक्षा दिली, खुनाचं प्रकरण मात्र पुन्हा उघडलं नाही.

हेन्री भडकला, आणि मला विचारशील तर त्याचं चुकलं नाही. जानेवारी 1164 मध्ये क्लॅरेंडनला त्यानं सोळा कलमं मांडली. तिसरं असं, की गुन्हेगार पाद्र्याचा निकाल चर्चनं लावावा, पण दोषी ठरला की चर्चनं त्याला पाठीशी घालू नये. म्हणजे झगा उतरवायचा, पाद्रीपद काढायचं, आणि शिक्षेसाठी राजाच्या हवाली करायचा. बेकेट म्हणाला, झगा उतरवणं हीच शिक्षा झाली. देवसुद्धा एका गोष्टीचा न्याय दोनदा करत नाही. (तोंडी होकार देऊन शिक्का मारायला नकार दिला, हेही त्याचंच!) तुझ्या कोर्टात तो हरलाच असता. खात्याची कारवाई वेगळी, खटला वेगळा, हे तू मला किती वेळा ऐकवलंयस.

पुढे सहा वर्षं फ्रान्समध्ये परागंदा, आणि परतल्यावर महिन्याभरात, 29 डिसेंबर 1170 ला, चार सरदारांनी त्याला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये कापला.

आता गंमत बघ. पाद्र्याच्या खुन्याचा न्यायही चर्चकडेच, आणि चर्च काही फाशी देत नाही. चौघांवर चर्चचा बहिष्कार पडला, पोपनं प्रायश्चित्त म्हणून जेरुसलेमकडे धाडलं. राजाच्या कोर्टात खटला नाहीच. चर्चच्या न्यायाच्या ज्या हद्दीसाठी बेकेट मेला, तिच्याच आडोशाला त्याचे मारेकरी जगले!

हे बेकेटच्या जागी आलेल्या आर्चबिशपलाच खटकलं. साध्या चोराला फास, आणि पाद्र्याला मारणाऱ्याला नुसतं प्रायश्चित्त? 1176 साली तडजोड झाली. पाद्र्याच्या खुन्याला राजाचे न्यायाधीश शिक्षा देतील, बिशपच्या समक्ष. बदल्यात हेन्रीनं गुन्हेगार पाद्र्यांवरचा हक्क सोडला. राजाच्या राखीव जंगलातले गुन्हे तेवढे वगळून; शिकारीपुढे धर्म काय नि कायदा काय!

पुढे तर ज्याला वाचता येतं तो पाद्री, असं धरू लागले. इंग्रज नाटककार बेन जॉन्सन 1598 मध्ये द्वंद्वात माणूस मारून असाच सुटला, अंगठ्यावर डाग घेऊन. ही सवलत 1827 पर्यंत टिकली.

तुझ्या अशिलाला वाचता येतं का रे? पुढची तारीख कधी आहे ते कळव, मी येतो ऐकायला. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या