वरचा मजला चढवण्याआधी

अमरावती

तीर्थरूप आई आणि बाबा यांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, नाल्याकाठचे दीड एकर वावर विकून आणि कमी पडेल त्या रकमेसाठी पीककर्ज उचलून दारव्ह्याच्या घरावर वरचा मजला चढवण्याचा तुमचा विचार परवा फोनवर कळला. त्या वेळी मला नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दोन बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला १३,००० रुपये भाडे येते आणि कर्जाचा हप्ता १२,१७१ रुपये जातो, म्हणजे घर आपला हप्ता आपणच फेडून वर आठशे रुपये हाती देते, असे तुम्ही म्हणालात. पहिली दोन वर्षे मलाही हा हिशेब खरा वाटत होता; पण मागच्या वर्षीच्या सगळ्या पावत्या एकत्र लावल्या तेव्हा तो टिकला नाही.

उन्हाळ्यात एक बिऱ्हाड दोन महिने रिकामे राहिले, त्यामुळे १,५६,००० ऐवजी १,४३,००० रुपयेच आले. हप्त्यांचे १,४६,००० गेले. त्यावर घरपट्टी ५,२००, जळालेली बोअरची मोटर भरून घेण्याचे ४,८००, पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे २२,००० आणि नवे बिऱ्हाड येण्याआधी रंग व गिलाव्याचे ९,००० रुपये लागले. म्हणजे वर्षाकाठी सुमारे ४४,००० रुपयांची तूट आली, आणि ती काही माझ्या पगारातून, काही तुरीच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, भरून निघाली. आईच्या ज्या वहीत कापूस वेचणीची मजुरी लिहिलेली असते, त्याच वहीत भाडेही लिहिले जाते. भाडे फवारणीला जाते, चुकारा गच्चीला जातो आणि घराने काय कमावले ते कोणालाच दिसत नाही.

गिलाव्याचा खर्च तर टाळता आला असता. त्या बिऱ्हाडाचा कुलर खिडकीला अगदी टेकवून लोखंडी स्टँडवर ठेवलेला होता आणि दोन उन्हाळे त्याचे पाणी खालच्या भिंतीत मुरत राहिले. मे महिन्यात मी तिथे हात लावला तेव्हा गिलावा फुगलेला होता, बोटाने दाबताच त्याचा पापुद्रा सुटून हातात आला आणि आतली वीट ओलीगार लागली. आता स्टँड भिंतीपासून वीतभर दूर बसवून घ्यायचा आणि करारात तशी अट घालायची, एवढे मी ठरवले आहे. करार मात्र तोंडी नको. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर भाडे आणि अनामतीवरचे व्याज धरून पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, आणि नगरपरिषदेच्या हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. एका बुडालेल्या महिन्याच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही.

कर्जाविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपण ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी १२ लाख घेतले. पहिल्या हप्त्यातले ९,००० रुपये व्याजात गेले आणि मुद्दल फक्त ३,१७१ रुपयांनी कमी झाले. तीन वर्षांत आपण ४ लाख ३८ हजार भरले, तरी मुद्दल सुमारे १ लाख ३० हजारच उतरले आहे. सुरुवातीची वर्षे अशीच जातात, आणि म्हणूनच याच काळात मुद्दलात भरलेला पैसा सर्वांत जास्त कामाला येतो. आज १ लाख रुपये मुद्दलात भरून हप्ता तेवढाच ठेवला, तर शेवटचे सुमारे २२ हप्ते वाचतात. आपले कर्ज बदलत्या व्याजदराचे आणि व्यक्तीच्या नावावरचे असल्याने मुदतीपूर्वी भरल्याबद्दल दंडही लागत नाही.

पीककर्जाचा विचार तर कृपा करून सोडून द्यावा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते हे खरे, पण ते मुदतीत फेडले तरच. कापूस विकून मार्चपर्यंत पैसा हाती येतो, विटा-सिमेंटमध्ये घातलेला येत नाही. खाते थकीत झाले की सवलत जाते, आणि पुढच्या हंगामात पेरणीच्या तोंडावर नवे कर्जही मिळत नाही. मग बियाण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागते, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही.

आणखी एक भीती मला मनापासून वाटते. आपला प्लॉट काळ्या मातीत आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया एका मजल्याच्या हिशेबाने घातला असेल तर दुसऱ्याचे ओझे भिंतींना तडे पाडील. इंजिनिअरकडून पाया आणि कॉलम तपासून घेतल्याशिवाय मिस्त्रीला विसार देऊ नका.

आयकराची चिंता नको. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते. मागच्या वर्षी त्या व्याजानेच करपात्र भाडे शून्यावर आले. दुरुस्तीच्या पावत्या वेगळ्या दाखवता येत नाहीत, त्या त्याच ३० टक्क्यांत धरलेल्या असतात.

म्हणून माझी विनंती अशी की वावर विकू नये. भाड्यासाठी वेगळे खाते उघडू, त्यातून फक्त हप्ता, घरपट्टी आणि दुरुस्तीच होईल, आणि मी दरमहा ४,००० रुपये त्यात टाकीन. त्यात सहा हप्त्यांइतकी, म्हणजे सुमारे ७३,००० रुपयांची शिल्लक साठेपर्यंत वरच्या मजल्याची गोष्ट काढायची नाही. तेव्हाही नवे कर्ज वर्षाला दहाच महिन्यांचे भाडे धरून आणि त्यातून दुरुस्ती वजा करून बसेल तेवढेच घेऊ. आई, घराच्या हिशेबाची वही तू वेगळी कर. मागच्या तीन वर्षांच्या पावत्या मी रविवारी येताना घेऊन येते आणि आपण दोघी बसून लिहून काढू. बाबा, तोवर वावराच्या गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका.

तुमची,
मोठी लेक