‘प्राथमिक उपचार’ म्हणजे नेमके काय, साहेब?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

मी एसटीचा निवृत्त वाहक. जळगाव-धुळे रस्त्यावर सत्तावीस वर्षे तिकिटे फाडली. लिहिण्याचा सराव वेबिल भरण्यापुरताच. पण गेल्या मंगळवारी मोबाइलवर मेसेज आला आणि राहवले नाही. मेसेज असा : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. संबंधित रुग्णास प्राथमिक उपचार करून पुढील उपचारासाठी संदर्भित करण्यात आले होते.’

पाच महिने चपला झिजवल्या, त्याची ही दोन वाक्ये मिळाली. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणतो, म्हणून एवढेच विचारतो, हे प्राथमिक उपचार कोणते झाले?

‘संबंधित रुग्ण’ म्हणजे माझा पुतण्या. वय सत्तावीस, जिनिंगमध्ये काट्यावर कामाला. कापसाच्या सीझनमध्ये रात्री पावणेनऊला मोटरसायकलवर घरी येत होता. पुढे कापसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम. धडकला. आम्ही चार जण पळत गेलो. रुग्णवाहिकेला वेळ लागेल म्हणून कळले, तसे काखेत आणि पायांना धरून त्याला उचलले आणि छोट्या हत्तीत टाकले. वर पाणीही पाजले. मानेला धक्का लागू द्यायचा नसतो, अशा माणसाला पाणी पाजायचे नसते, हे मला नंतर कळले. आमच्या भागात केळीचा घडसुद्धा डाग पडू नये म्हणून जपून उचलतात. ही चूक आमची आहे, ती सरकारच्या माथी मारत नाही. फक्त सत्तावीस वर्षे माझ्या गाडीत प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्याजवळ बसून हे शिकायचे राहिले, एवढे खरे.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सव्वानऊला पोचलो. डॉक्टर एकच. आत एक बाळंतीण अडलेली. तो माणूस वाईट नव्हता हे मुद्दाम लिहितो. पण पोराची मांडी मोडून हाड दिसत होते, म्हणून जो येई तो मांडीच बघे. पोरगा म्हणत होता, ‘काका, दम घेता येत नाही.’ सिस्टर म्हणाली, घाबरलाय. मग केसपेपर, मग पोलिसांसाठी एमएलसीचा कागद, मग आधार कार्ड, मग मांडीचा एक्स-रे. एक्स-रेवाला घरून आला. हाड मोडल्याचे त्यानेही सांगितले. आम्हाला ते रस्त्यावरच दिसले होते. सलाइन लावले, पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र न चुकता दिले. धनुर्वाताने तो नक्कीच दगावला नसता.

साडेदहाला ‘पुढे घेऊन जा’. बावन्न किलोमीटर. वाटेत ओठ निळे पडले, मानेच्या शिरा फुगल्या, बोलणे थांबले. मोठ्या दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरणीने मांडीकडे पाहिलेच नाही. छातीवर हात ठेवला, उजवी बाजू हलत नव्हती. कागद मागितला नाही, एक्स-रे मागितला नाही. काखेच्या बाजूला, बरगड्यांच्या मधे जाड सुई घातली. सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा निघाली. फुप्फुस फाटून हवा छातीत कोंडली होती, तिने हृदय दाबत आणले होते. त्यानंतर छातीत नळी टाकली. जीव परत आला, पण तोवर मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. काट्यावर क्विंटलचे हिशेब तोंडी करणारा पोरगा आज जेवलो की नाही हे सांगू शकत नाही. वहिनी रोज विचारते, ‘मना पोऱ्याले काय व्हयनं?’ तिला काय सांगू? ‘संदर्भित’ झाला म्हणून सांगू?

पहाटे जिन्यावर बसलो होतो, तेव्हा त्याच डॉक्टर पोरीने समजावले. अपघाताचा माणूस आला की बघायचा क्रम ठरलेला असतो. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, आणि ते बघताना मान हलू द्यायची नाही. मग छाती दोन्ही बाजूंनी वर-खाली होते का. मग रक्त कुठून जाते, ते दाबून धरायचे. मांडीचे हाड मोडले की लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साठते, अंगात सगळे मिळून पाच लिटर. त्यानंतर शुद्ध, डोळ्यांच्या बाहुल्या. शेवटी कपडे कापून पाठीपर्यंत सगळे अंग बघायचे आणि लगेच पांघरूण घालायचे, कारण गारठलेल्या माणसाचे रक्त नीट गोठत नाही, वाहतच राहते. ज्याने आधी मरण येते ते आधी बघायचे, हाडाला वेळ असतो. छातीत अशी हवा कोंडल्याचा संशय आला तर एक्स-रेची वाट बघायची नाही, असेही ती म्हणाली. आम्ही तर मांडीच्या एक्स-रेची वाट बघत बसलो होतो!

हा क्रम आला कुठून, तेही ऐका. १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचे छोटे विमान शेतात पडले. बायको जागीच गेली, मुले जखमी. खेड्यातल्या दवाखान्यात मुलांवर जसे उपचार झाले ते बघून तो हादरला. त्यातून १९७८ साली पहिला अभ्यासवर्ग झाला आणि आज ऐंशीहून जास्त देशांत डॉक्टर तोच क्रम शिकतात. त्याला अनुभव आला तर जगाची पद्धत बदलली. मला अनुभव आला तर मला मेसेज आला.

औषधाचेही तेच. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, रक्त थांबवायचे. वीस हजारांवर जखमींवर अनेक देशांत चाचणी झाली, २०१० साली निकाल छापून आला. तीन तासांच्या आत दिले तर उपयोग, उशिरा दिले तर नाही. महाग नाही. आमच्या दवाखान्यात होते की नव्हते, विचारले तर म्हणाले स्टोअरकीपर रजेवर आहे.

आवारात ‘ट्रॉमा केअर युनिट’ अशी पाटी मात्र आहे. आत मोडक्या खाटा आणि जुने फलक. एक तर ती पाटी उतरवा, नाही तर आत माणूस बसवा.

रस्त्याचे म्हणाल तर काही कमी नाही. सुरत-नागपूर महामार्गाचा नंबर सहाचा त्रेपन्न झाला, रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट. टोलनाक्यावर फास्टॅग दोन सेकंदांत पैसे कापतो, तिथे सर्व्हर डाउन होत नाही. केळीला थंड कंटेनर मिळतो. सातपुड्यातल्या अक्राणीचा आजारी माणूस मात्र अजून झोळीतून खाली येतो. २०२२ साली राज्यात रस्त्यावर १५,२२४ माणसे मेली. भागाकार केला, रोज एकेचाळीस-बेचाळीस. सीटा भरलेली एसटी रोज दरीत गेल्यासारखे आहे हे. खरोखर एक बस दरीत गेली की तुम्ही लोक हेलिकॉप्टरने येता. सुटी-सुटी मेली की कोणी येत नाही.

१९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितले, आधी जीव वाचवा, पोलिसांचे कागद नंतर. मे २०२५ मध्ये केंद्राने योजना काढली, अपघातग्रस्ताला सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार, रोख न भरता. मांडीच्या ऑपरेशनला खासगीत न्यावे लागले, तिथे काउंटरवर ही योजना सांगितली तर मुलगा म्हणाला, ‘आमच्याकडे असलं काही आलं नाही, पन्नास हजार भरा.’ भावाने म्हैस विकली. मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्यासुद्धा आहे, दुखापतीनंतरचा एक तास. आमचा तास आधार कार्डाच्या झेरॉक्समध्ये गेला. दिल्लीहून निघालेला आदेश आमच्या तालुक्यात कोणत्या गाडीने येतो कोण जाणे, मधे पंक्चर होतो एवढे नक्की.

इमारत मागत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथला एक जाणकार महिन्यातून एकदा महामार्गावरच्या तालुका दवाखान्यांत येऊन डॉक्टर, सिस्टर आणि वॉर्डबॉयकडून हा क्रम घोटून घेऊ द्या. रात्री दुसरा डॉक्टर द्या. जाड सुया, छातीच्या नळ्या, मानेचा पट्टा, भरलेला ऑक्सिजन आहे का हे दर सोमवारी कोणीतरी सही करून सांगू द्या. आम्ही कंडक्टर लोक रोज सुट्या पैशांचा हिशेब देत होतो, एक रुपया कमी पडला तरी खिशातून भरत होतो.

आणि माझ्या तक्रारीवरचा ‘निकाली’ हा शेरा काढून ती पुन्हा उघडा. उत्तरात सलाइन आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाशिवाय काय केले ते वेळेसकट लिहून पाठवा.

आपला,
एक निवृत्त वाहक, जळगाव जिल्हा

ता. क. : त्या मेसेजखाली अभिप्राय मागितला आहे, पाचपैकी किती तारे देणार म्हणून. मी अजून काही दाबलेले नाही.