मंगलला, झाडाबद्दल

गॉलवे (आयर्लंड), 27 ऑक्टोबर 2025

प्रिय मंगल,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गणपतीत तुझा फोन उचलला नाही, दिवाळीला नुसता मेसेज टाकला, सगळं कबूल. मी बरी, हे बरे, पोरं बरी, गुडघा होता तिथेच.

कालपासून इथली घड्याळं तासभर मागे गेली. पाच वाजता अंधार. वादळांचे दिवस सुरू झाले, आणि आमच्या घरात आवराआवर चाललीय. ट्रॅम्पोलिन सोडवलं. आधी त्याची जाळी काढायची, वारा तीच पहिली धरते. अंगणातल्या खुर्च्या आडव्या करून बांधल्या, गुलाब तिसऱ्या हिश्श्याने छाटले, कारण उंच फांद्या हलून हलून मुळं सैल होतात. कचऱ्याचे डबे भिंतीला दोरीने बांधले, तर हे म्हणतात, ‘डबे कुठे पळून चाललेत?’ जानेवारीत आमचा डबा तीन घरं पलीकडे सापडला होता, पण लक्षात कोण ठेवतो.

त्या वादळाचं तुला फोनवर सांगितलं होतं. एओविन, 24 जानेवारीचं. आमच्याच जिल्ह्यात मेस हेडला ताशी 183 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, या देशातला आजवरचा सर्वांत जोराचा. देशभरात साडेसात लाखांहून जास्त ठिकाणची वीज गेली. तू म्हणालीस, ‘आता कळलं ना निसर्ग वादळ म्हणजे काय!’ इतक्या आनंदात बोललीस की रागावताही येईना.

त्यात आमच्या कुंपणाच्या सलग फळ्या शिडासारख्या फुगल्या आणि उडाल्या. शेजारचा दगडी गडगा मात्र जागचा हलला नाही. इथे पण गडगेच गं, चुना-माती काही नाही, दगडावर दगड. फटींतून वारा निघून जातो. अण्णा माडाच्या झापांचं कूड घालताना मध्ये मोकळं सोडायचे, आणि आपण तिथून डोळा लावून बसायचो. नवं कुंपण मी फटींचंच घेतलं. सगळं दिसतं म्हणून हे कुरकुरले. दिसू दे.

आता मुद्दा. शेजारच्या म्हातारीच्या परसात एक मॅक्रोकार्पा आहे, सायप्रसच्या जातीचं झाड, बाराही महिने हिरवं. तिच्या नवऱ्याने वारा अडवायला लावलेलं, तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाकीची झाडं थंडीत पानं टाकून मोकळी होतात, हे सगळा पसारा अंगावर घेऊन वाऱ्यात उभं. जानेवारीपासून ते आमच्याकडे कललंय, पोरांच्या खोलीवर. गेल्या आठवड्यात वारं होतं तेव्हा मी बुंध्याशी जाऊन उभी राहिले. मंगल, तळपायाखालची माती वर उचलली गेली आणि परत खाली बसली. पुन्हा उचलली. बुंध्याला अर्धा वेढा घालून बोटभर रुंदीची भेग होती, आत पाणी साचलेलं.

झाडं कापणारा येऊन पाहून गेला. म्हणाला, शेंडा छाटून भागणार नाही, काढायचं तर सगळं काढा. आणि म्हातारी मला म्हणते, ‘पोरं तुझी आहेत, तू हो म्हण, मी बोलावते त्याला.’ म्हणजे हो मी म्हणायचं!

हे म्हणतात, म्हणून टाक. यांना काय. मला तुमचा फणस आठवतो. पडवीवर वाकलाय, तोडा, असं मी अण्णांना म्हटलं आणि तू उरलेली सगळी सुट्टी माझ्याशी बोलली नाहीस. पुढच्याच वर्षी 3 जूनला निसर्ग आलं. फणस उभा, आणि माड गोठ्यावर. हे तू मला किती वेळा ऐकवलंस! फणस वाचला म्हणून मी चुकले असं होत नाही हं. त्याच्या अंगावर येणारा वारा माडांच्या रांगेने खाल्ला. हे मी आजही म्हणेन.

पण त्याच रांगेने मला आता अडवलंय. माड गेले, सावली गेली, आणि वादळातून वाचलेल्या पोफळी नंतर उन्हाने करपल्या. तू एकेका खोडावर हात फिरवून दाखवत होतीस. इथे या झाडाच्या आडोशाला तिची सफरचंदं आहेत, पलीकडे बर्चची रांग. कायम आडोशाला वाढलेली झाडं. उद्या एकदम समुद्रावरचा वारा अंगावर आला तर टिकतील? ठेवलं तर पोरांच्या डोक्यावर, काढलं तर म्हातारीची बाग उघडी. शिवाय ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या झाडाखाली उभी असते, आणि ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.

पोरांना तूर्त पुढच्या खोलीत झोपवतेय. त्यांना मजा वाटते.

तुझं काय? नव्या पोफळी धरायला लागल्या का? रोठा सुपारीला भाव बरा आहे म्हणे. चिऊची बारावी ना यंदा? तिला म्हणावं मावशी रागावत नाही, अभ्यास कर. नवऱ्याच्या साखरेचं कळव.

आणि अण्णांना विचार. फणसाचं नाव काढू नकोस, नाहीतर पुन्हा सुरू होतील. एवढंच विचार, की मुळाशी भेग पडलेलं झाड त्यांनी कधी राखलंय का, आणि आडोसा गेल्यावर मागच्या झाडांचं काय केलं. कापणारा गुरुवारी येऊ शकतो, बुधवारी रात्रीपर्यंत त्याला सांगायचंय. फोन कर. अंगठा पाठवलास तर बघ.

तुझी,
नंदी

ता. क. चकल्या पोचल्या. निम्म्यांचा चुरा झाला होता, तोही संपला.