दुसरीच्या बाईंना, शनिवारच्या कागदाबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

वर्ष संपत आलंय. शाळा सुटतानाच्या गर्दीत तुम्ही भेटता तेव्हा "थँक्यू बाई" एवढंच म्हणून होतं, आणि तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे करता ते आणखी शाळांमध्ये व्हावं असं मला मनापासून वाटतं.

दर शनिवारी लेकीच्या दप्तरातून तुमचा कागद घरी येतो. तुमच्याच अक्षरातलं अर्धं पान, झेरॉक्स काढलेलं. या आठवड्यात वर्गात काय झालं, मुलं कुठं अडली आणि घरी त्यांना काय विचारायचं, एवढंच त्यात असतं. शाळेचे निरोप आम्हा पालकांना नवे नाहीत: गणवेश, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, उद्या सुट्टी. पण आपलं मूल वर्गात बसून नेमकं काय शिकतंय, हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं. "आज काय शिकलीस?" विचारलं की "काही नाही" हे उत्तर ठरलेलं. तुमच्या कागदामुळे मी विचारू लागले, "टीव्हीचं टेबल मोजायला तुझ्या विती जास्त लागतील की बाबांच्या?" मग मात्र ती थांबतच नाही.

मोजमापाचा तो आठवडा मला सगळ्यात आवडला. पावसाळ्याचे दिवस, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, आणि घरोघरी एकच चौकशी: मारुतीला कुठपर्यंत आलं? आपल्याकडे नाशिकमध्ये गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरच मोजतात. कमरेला लागलं, छातीला आलं असं कानावर पडलं की सराफ बाजारातल्या दुकानदाराला पुढचं काही सांगावं लागत नाही. तुम्ही हेच वर्गात आणलंत. आधी मुलांनी आपापल्या वितीनं बाक मोजले. कुणाच्या आठ विती, कुणाच्या नऊ, आणि लगेच "तू खोटं मोजलंस" म्हणून भांडणं. तुम्ही ती भांडणं होऊ दिलीत, हे मला फार मोठं वाटतं. मग विचारलंत, पुराच्या वेळी सगळं गाव एकाच मारुतीकडे का बघतं? लेक घरी येऊन बाबांच्या शेजारी उभी राहिली, आपल्या कमरेवर हात ठेवून तो सरळ त्यांच्याकडे नेला आणि म्हणाली, "बघा, माझ्या कमरेला पाणी आलं तरी तुमच्या मांडीलाच लागेल. मग खरं कुणाचं?" सगळ्यांची पट्टी सारखी का हवी, हे तिला सेंटिमीटर शिकायच्या आधीच पटलं होतं. पुढच्या आठवड्यात पट्टी हातात आली तेव्हा तिला ती हवीच होती.

संख्यांचे आठवडे जास्त कठीण गेले, आणि तिथंच तुमचा आधार सगळ्यात जास्त वाटला. सत्तेचाळीस म्हटलं की लेक 74 लिहायची. घरात सगळे म्हणायचे, लक्ष नाही हिचं. तुम्ही कागदावर समजावलंत की लक्ष असतं म्हणूनच असं होतं: कानावर आधी सात पडतात, म्हणून हात आधी सात लिहितो. त्यात एकोणपन्नास म्हणजे ऐकायला येतात पन्नास आणि लिहायचे असतात चाळीस नि नऊ. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायच्या पद्धतीनं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते आठवतं. तुम्ही कुठलीच बाजू घेतली नाहीत. आईस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे. आधी चार गठ्ठे ठेवायचे, मग सात सुट्या काड्या, तोंडानं 'चाळीस आणि सात, सत्तेचाळीस' म्हणायचं, मग लिहायचं. घरीही असंच करा, आणि काड्या ती स्वतःहून सोडेपर्यंत काढून घेऊ नका, असं तुम्ही लिहिलंत. वजाबाकीत दशक सुटा करायची वेळ आली तेव्हा ती रबर काढून गठ्ठा खरंच सोडत होती. हातातल्या काड्या समोर पसरल्या की उरलेलं तिचं तीच करायची.

याच सुमारास वर्गातल्या एका मुलाचे आजोबा तुम्ही बोलावलेत. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आपल्या गावात नोटा छापल्या जातात हे मुलांना ऐकून माहीत होतं, पण शंभर नोटांचं एक पाकीट आणि अशा दहा पाकिटांचं एक बंडल, हे ऐकल्यावर वर्गात म्हणे एकच गलका झाला: "बाई, आपल्या काड्यांसारखंच!" त्या दिवशी संध्याकाळी दहाची नोट घेऊन लेक मागच्या बाजूच्या भाषांच्या पट्ट्यात मराठी शोधत बसली. पंधरा ओळी आहेत तिथं.

जोडाक्षरांसाठी तुम्ही बसच्या पाट्या निवडल्यात. म्हसरूळ, द्वारका, त्र्यंबक. त्र्यंबकमध्ये तीन व्यंजनं एकाला एक जोडलेली, आणि ती वाचता आल्यावर पोरांना वाटणारा अभिमान मी सिटीलिंक बसच्या थांब्यावर स्वतः पाहिलाय. आमचा त्रिमूर्ती चौक तर त्यांच्यासाठी खजिनाच निघाला: त्रि मध्ये र खाली गेलेला, र्ती मध्ये तोच र डोक्यावर बसलेला. लेकीनं हे एका रिक्षावाल्या काकांनाही समजावून सांगितलं. त्यांनी रिक्षा बाजूला घेऊन नीट ऐकून घेतलं, त्यांचेही आभार.

झाडाची पानं, घड्याळ, आठवड्याचे वार, भाजीबाजार याबद्दलही लिहिता येईल, पण पत्र लांबेल.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शेजारची मुलं वीसपर्यंत पाढे म्हणतात म्हणून शिकवणी लावायची का, असं मी दिवाळीआधी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मला बाकावर बसवून शांतपणे सांगितलंत. 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टही तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड जमावी, एवढंच आहे. त्या वयात पुढे पळण्यापेक्षा आहे ते पक्कं होणं महत्त्वाचं, आणि कोण कुठं आहे यावर तुमची नजर आहे. ती नजर खरंच आहे, हे दर शनिवारी दिसतं. तुम्ही कुणा मुलाचं नाव घेऊन कधी कमी-जास्त लिहीत नाही. "काही मुलांना अजून एकोणसाठ अवघड जातंय, जाऊ द्या थोडे दिवस" एवढंच. त्यातलं आपलं मूल आईला ओळखता येतं.

आणि आमच्या वर्गातल्या काही आयांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही तोच मजकूर फोनवर बोलून पाठवता. पंचवटीत भाजी विकणाऱ्या एक ताई तो गाड्यावर मोठ्यानं लावतात, शेजारचे गाडेवालेही ऐकतात. हे तुमच्यापर्यंत पोहोचलंय का माहीत नाही, म्हणून कळवते आहे.

एवढी मुलं, त्यात सरकारी माहिती भरायची, ऑनलाइन नोंदी करायच्या. त्यातून वेळ काढून तुम्ही हा कागद लिहिता. तो तुमच्या कामात कुठं मोजला जात नसेल. आमच्या घरात तो फ्रिजवर लागतो आणि आठवडाभर तिथंच असतो. अंबडहून रात्रपाळी करून आलेले हे सकाळी चहा घेताना तो वाचतात, आणि लेक उठली की त्यावरचाच प्रश्न विचारतात.

जूनमध्ये मुलं तिसरीत जातील. सगळे कागद मी तारखेनुसार फाइलला लावून ठेवलेत. माझ्या जाऊबाईंचा मुलगा यंदा तुमच्याकडे येतोय, त्यांनी ती फाइल आताच मागितली आहे. तिसरीच्या बाईंना दाखवायची असेल तर सांगा, आधी झेरॉक्स काढून तुमच्याकडे आणून देते.

आपली नम्र,
तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई
सिडको, नाशिक