टॉन्सिल आक्रसतात, निकामी होत नाहीत

मा. संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीतील टॉन्सिलवरचा लेख एरवी चांगला होता. मात्र वयात आल्यावर टॉन्सिल निरुपयोगी ठरतात, हा त्याचा सूर पटला नाही.

शरीरातल्या इतर लसीकाग्रंथींकडे (रोगप्रतिकारक पेशींच्या गाठींकडे) जंतूंची खबर लसीकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, पोहोचते. टॉन्सिलला अशी आत येणारी वाहिनीच नसते. त्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात आणि श्वासातून, घासातून आलेले जंतू तिथेच अडकतात. खाचांमधलं आवरण इतकं विरळ असतं की खालच्या पेशींना ते थेट गाठता येतात. मग प्रतिपिंडं (जंतूंना चिकटणारी प्रथिनं) बनवणाऱ्या बी पेशींचे पुंजके जमतात. त्या झपाट्याने विभागतात, आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत फेरफार करत राहतात आणि टी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारक पेशी, त्यांतल्या जंतूला नेमक्या बसणाऱ्या तेवढ्या निवडतात. नापास झालेल्या जागीच मरतात, त्यांना भक्षक पेशी गिळून टाकतात. परीक्षा मोठी कडक!

बालपणी रोज नवे जंतू भेटतात, म्हणून साधारण 3 ते 10 वर्षांच्या मुलांत हे पुंजके भरपूर आणि टॉन्सिल टपोरे. ते पाहून धास्तावणाऱ्या पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं. वय वाढतं तसे पुंजके कमी होतात, बी पेशींचा वाटा घटतो, तंतुमय ऊती वाढतात. तरी पूर्वीच्या संसर्गांची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी प्रौढांच्या टॉन्सिलमध्येही सापडतात. काम मंदावलं, थांबलं नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट, असा मुळीच नाही. टॉन्सिल काढले तरी नाकामागची अॅडेनॉइड ग्रंथी, जिभेच्या मुळाशी असलेली तशीच ऊती आणि मानेतल्या ग्रंथी बरंच काम सांभाळतात. झोपेत श्वास अडकत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. वारंवार घसा धरत असेल, तर वर्षात 7 वेळा, किंवा सलग 2 वर्षं दरवर्षी 5 वेळा, किंवा सलग 3 वर्षं दरवर्षी 3 वेळा, असा निकष डॉक्टर बराच काळ वापरत आले आहेत. तो लेखात यायला हवा होता. त्याहून कमी त्रासात बहुधा वाट पाहणंच बरं, कारण अनेक मुलांचा त्रास वयाबरोबर आपसूक ओसरतो.

आणखी एक. प्रौढ वयात एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला दिसला, तर दुर्लक्ष न करता तो कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. क्वचित त्यामागे कर्करोगही असतो.

– एक वाचक