सिंगापूर पूर्वेला, मग आम्ही आधी पश्चिमेला का?

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

नागपूर ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,४८० किलोमीटर. पण थेट विमान नाही, त्यामुळे नागपूरकराने तिकीट काढायला घेतलं की बऱ्याचदा पहिलं विमान मुंबईचं निघतं. म्हणजे ६९० किलोमीटर उलट्या दिशेने जायचं आणि तिथून पुन्हा ३,९०० किलोमीटर पूर्वेला. हा द्राविडी प्राणायाम अकराशे किलोमीटर जास्तीचा पडतो. हैदराबाद किंवा चेन्नईमार्गे अंतर वाचतं, पण वेळा जुळल्या तर!

वेळेचं तर विचारूच नका. थेट विमान पाचेक तासांत पोचेल. मुंबईमार्गे दीड तास अधिक साडेपाच तास, आणि मधला मुक्काम वेगळाच. देशांतर्गत विमान मुंबईच्या टर्मिनल-१ला उतरलं तर आंतरराष्ट्रीय विमानासाठी टर्मिनल-२पर्यंत रस्त्याने जावं लागतं. सिंगापूरला लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई ट्रॉलीवर दोन बॅगा आणि वर संत्राबर्फीचा डबा सावरत रात्री अकराला तिथल्या रांगेत उभी असते, आणि विमान पहाटेचं. घरून निघाल्यापासून बारा-चौदा तास सहज जातात.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याची खूण मानल्या जाणाऱ्या झिरो माईलचा दाखला देत नाही, तो प्रत्येक भाषणात येतोच. पण १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाच्या थैल्या बदलून परत जात. जे पत्रांना जमलं, ते माणसांना का जमू नये?

धावपट्टी ३,२०० मीटरची आहे. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या एमआरओत, म्हणजे विमान देखभाल-दुरुस्ती केंद्रात, बोइंग ७७७सारखी धूडं दुरुस्तीला येऊन जातात. (विमान आजारी पडलं तरच नागपूर आठवतं, असं आम्ही गमतीने म्हणतो.) दोहा आणि शारजा ही नावं इथल्या फलकावर लागली, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रवासी इथे मिळतात हे सिद्ध झालंच आहे. पूर्वेकडून येणारेही आहेत. १९५६ साली जिथे धम्मदीक्षा झाली ती दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार बघायला जपान-थायलंडचे बौद्ध भाविक येतात. ताडोबा-पेंचचे पर्यटक निराळेच.

विमान चालवायचं की नाही हे कंपनी ठरवेल, त्यासाठी आपल्याला साकडं घालत नाही. मात्र परदेशी कंपनीने भारतात कुठे उतरावं, हे दोन देशांतल्या द्विपक्षीय हवाई करारावर ठरतं आणि तो विषय आपल्या खात्याचा आहे. सिंगापूर आणि पूर्वेकडच्या इतर देशांशी पुढची बोलणी होतील तेव्हा नागपूरचं नाव मांडलं जाईल का, एवढं लेखी कळवावं. आणि तोवर आपल्या कंपन्यांशी बोलून नागपूर–चेन्नई, नागपूर–हैदराबाद विमानांच्या वेळा तरी तिथल्या रात्रीच्या सिंगापूर विमानांशी जुळवून घ्याव्यात. त्याला करार लागत नाही.

आपला,
एक नागपूरकर प्रवासी