गोट्याला पुण्याला नेऊ नकोस

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

आखाजीला आलास की जाताना गोट्याला, आपल्या कासवाच्या पिल्लाला, पुण्याला नेणार, असं तू परवा म्हणालास. मी तेव्हा नुसतं 'बघू' म्हटलं. फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहिते. त्याला नेऊ नकोस. निदान त्याचं कवच टणक होईपर्यंत तरी नको.

तुझ्या खोलीत खिडकीतून ऊन येतं, खरं आहे. पण काचेतून आलेलं ऊन त्याच्या कामाचं नाही. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते ज्या अतिनील किरणांनी तयार होतं ते काच अडवून ठेवते. त्यासाठीचे दिवे बाजारात मिळतात, पण त्यांचा उजेड तसाच दिसत राहतो आणि किरणांचा जोर मात्र हळूहळू ओसरतो. पिल्लाचं कवच मऊ पडायला लागलं तर तुला फार उशिरा कळेल. इथे सकाळचं कोवळं ऊन परसात येतं, तेवढं त्याला पुरतं.

काका म्हणतात, सल्काटा जातीचं कासव म्हणजे सहाराच्या कडेचं जनावर, त्याला जळगावच्या उन्हाचं काय? पण तिकडेही ते दिवसभर उन्हात बसत नाही. खोल बीळ खणतं आणि तलखी आत काढतं, आणि त्या बिळात ओल असते. पिल्लाला अशी ओल मिळाली नाही तर कवचाच्या एकेका खवल्याला उंचवटा येतो, आणि एकदा आला की जन्मभर राहतो. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. एवढंसं पिल्लू अशा उन्हात उताणं पडलं आणि त्याला सुलटं होता आलं नाही, तर थोड्याच वेळात खेळ संपतो. म्हणून दहाच्या पुढे त्याला उघड्यावर ठेवतच नाही.

न्हाणीमागचा तो फुटका रांजण आठवतो? तो निंबाखाली आडवा करून अर्धा मातीत पुरला आहे. आत नदीची वाळू आणि माती मिसळून टाकली, कारण नुसती काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. वर गोणपाट टाकून त्यावर पाणी शिंपडते. गोट्या उन्हं चढायच्या आत स्वतःच आत जातो, तोंड भिंतीकडे करून पुढच्या पायांनी वाळू सारतो आणि पार कोपऱ्यात दडून बसतो. कावळे आणि मांजरं टपलेलीच असतात, म्हणून भोवती जाळी आहे, वरूनसुद्धा.

सकाळी त्याला उथळ परातीत कोमट पाण्यात ठेवते, पाणी हनुवटीच्या खालपर्यंतच. आधी तो परातीच्या कडेला धडका देतो, मग शांत होतो, मान लांब करून तोंड पाण्यात बुडवतो, आणि पिताना गळ्याची कातडी खालीवर होताना दिसते. पोटातली पांढरी घाणही तेव्हाच पडते. ती मऊ असली तर पाणी पुरतंय. खड्यासारखी घट्ट पडली तर समज की तो तहानलेला आहे. ती परात वेगळी ठेवली आहे, स्वयंपाकाच्या भांड्यांत येऊ देत नाही. त्याला हात लावला की साबणाने धुवायचे, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हे तुझ्या मित्रांनाही सांग.

खायला मुख्य गवत: हराळी, मारवेल, बारीक कापून. जोडीला तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेलं फड्या निवडुंग. कपाशीच्या बांधावरचं गवत मी आणत नाही, तिथे फवारणी होते. आजीचा जीव तुटतो, "त्याले एखादं केय तरी दे व," म्हणते. केळीच्या मुलखात राहून केळं द्यायचं नाही हे तिला पटत नाही, पण एवढी साखर त्याच्या आतड्याला झेपत नाही. पोळी, डाळ, पनीर तर मुळीच नाही. पालकही नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो.

थंडीत मात्र मला धाक वाटतो. ओल आणि गारवा एकत्र आला की यांना छातीचा आजार होतो, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेतात. म्हणून हिवाळ्यात रात्री त्याला घरात उबेच्या खोक्यात घेते.

आणखी एक, जे तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे. आज तो तळहातावर मावतो. हे जनावर पुढे चाळीस किलोच्याही वर जातं आणि सत्तर वर्षं जगू शकतं. माझ्यामागे ते तुझ्याकडेच येणार. तेव्हा नोकरी कुठे धरायची, घर कसं घ्यायचं, या विचारात त्यालाही धर. अंगण नसेल तर ते कुणाकडे राहील, हे तूच ठरवायचं आहेस. सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी तुझ्याच नावावर आहे, त्या कागदांची एक प्रत इकडे आणून ठेव. आणि तुझा मित्र त्याला जोडीला स्टार कासव आणून देतो म्हणतोय, त्याला स्वच्छ नाही म्हण. ते पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि दोन जातींची कासवं एकत्र ठेवली की एकाचा आजार दुसऱ्याला लागू शकतो.

येताना हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र घेऊन ये. कॅल्शियमसाठी त्याला द्यायचा समुद्रफेन इथे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, तो मी आणून ठेवते.

तुझी,
आई